पंपाला घर लागते

लकडगंज म्हटले की लोकांना लाकडाच्या वखारी आठवतात. आमच्या घराला गेल्या काही वर्षांत दुसरेही काही आठवते. याच वस्तीतल्या न्यू एरा रुग्णालयात २०१९ साली हृदय प्रत्यारोपण झाले. तोवर असली बातमी आम्ही मुंबई-चेन्नईची म्हणून वाचत होतो.

भाईजानची उमर वखारीत गेली. हृदय थकले तसे पाय सुजू लागले, आडवे झोपणे सुटले, दोन पायऱ्या चढल्या की बसावे लागे. डॉक्टरांनी सांगितले, दुसऱ्याचे हृदय कधी मिळेल याचा नेम नाही. तोवर किंवा कायमचा, छातीत पंप बसवता येतो.

हा पंप हृदयाच्या डाव्या कप्प्यातले रक्त ओढून महाधमनीत सोडतो. त्याची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते आणि कमरेच्या नियंत्रकाला, दोन बॅटऱ्यांना जोडलेली असते. ‘हार्टमेट ३’मधले चाक चुंबकाच्या बळावर अधांतरी फिरते. रक्त सलग वाहत असल्याने मनगटावर नाडी बहुधा लागत नाही. हे ऐकून अम्मी म्हणाल्या, “नब्ज नहीं तो आदमी जिंदा कैसा?”

पण माणसे जगतात. इंग्लंडच्या पीटर हॉटन यांना जून २००० मध्ये असा पंप बसला. मरणाच्या दारातला हा माणूस पुढे सात वर्षांहून अधिक जगला, मदतनिधीसाठी मैलोन्‌मैल चालला. आपण पूर्वीपेक्षा भावनेने कोरडे झालो, असेही त्यांनी सांगून ठेवले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘हार्टमेट ३’ बसवलेल्या शंभरातले सुमारे ५८ जण पाच वर्षांनंतर हयात होते.

भाईजाननी मात्र वर्षे विचारलीच नाहीत. त्यांनी विचारले, “सजदा करता येईल?” जखम भरल्यावर, वायर ताणू न देता वाकता येईल, असे उत्तर आले. वजूला अडचण नाही. पोटावरची पट्टी भिजता कामा नये. तलावात, हौदात उतरणे कायमचे बंद. पट्टीवर मसह करण्याची मुभा आहे, हे हाफिजसाहेबांनी समजावले. भाईजानच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड दिसला.

मग आमची पाळी आली. पट्टी रोज कोण बदलणार? रक्त पातळ करणाऱ्या गोळीची तपासणी कोण सांभाळणार? जंतुसंसर्ग, रक्तस्राव, पक्षाघात यांची भीती कायम. रात्री यंत्र घरच्या विजेवर लावायचे, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. भरलेल्या बॅटऱ्या उशाशी हव्यात, नियंत्रकाचा इशारा ऐकून उठणारे कान हवेत. भाभीजान लगेच म्हणाल्या, “मैं सीख लूंगी.” त्यांची स्वतःची शुगर वाढलेली आहे, याचा विचार तेव्हा कोणाच्याच मनात आला नाही.

शेवटी आकडा ऐकला. खर्च कोटीच्या घरात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे. वखार, घर, भाभीजानचे दागिने, सगळे मांडूनही हिशेब बसेना. भाईजाननीच वही मिटली. “मेरे बाद इनको रहना कहां है?” एवढेच बोलले.

सहा मिनिटांत रोगी किती चालतो, यावरून डॉक्टर सुधारणा मोजतात. मोजावीच. पण रोग्याच्या जगण्याची प्रत त्याच्या घरावरही ठरते. त्या घरात जागणारे कोण, त्यांची झोप किती, छप्पर गहाण पडले का, हेही कोणी विचारायला हवे. पंप एका छातीत बसतो, त्याचा भार मात्र सगळे घर उचलते. आणि बहुतेकदा त्या घरातली बाई.

भाईजानचे नाव आता प्रत्यारोपणाच्या यादीत आहे. औषधे चालू आहेत. जुम्म्याला मशिदीपर्यंत जातात, वाटेत दोनदा थांबतात. नमाज खुर्चीवर बसून होते. भाभीजाननी मात्र आपली शुगर तपासून घेतली. त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्यासोबत गेलो होतो.