6 डिसेंबरला मी का आलो नाही

गड्यांनो,

यंदा 6 डिसेंबरला मी दादरला दिसलो नाही म्हणून तुम्ही विचारलंत. एकाने तर तोंडावर विचारलं, चळवळ सोडली का रे? मला राग नाही आला. गेली दोन वर्षं माझी धाकटी बहीण चैत्यभूमीवर आली नाही, तिला हा प्रश्न कुणी केला नव्हता. मीही नाही. बाई घरी राहिली तर ती घरचीच असते. बाप्या घरी राहिला की त्याने चळवळ सोडलेली असते.

आईची डावी बाजू लुळी पडली त्याला हे तिसरं वर्ष. दोन हिवाळे बहिणीने काढले. मी भिवंडीत मागावर. मुंबईच्या गिरण्या 1982 च्या संपानंतर बसत गेल्या. आज्याच्या वाट्याला गिरणी होती, माझ्या वाट्याला यंत्रमागाची बारा तासांची पाळी. खाडा झाला की पैसा नाही. महिन्याला घरी पैसे धाडले की मुलाचं काम झालं असं मी धरून चाललो होतो. वर आईवर कविताही लिहायचो. टाळ्या पडायच्या.

वैशाखात बहिणीचं लग्न झालं. दिवाळीपर्यंत मावशीने बघितलं, मग तीही वीटभट्टीवर गेली. मी माग सोडून खोडाळ्याला आलो.

इथली थंडी तुम्हाला ठाऊक नाही. डोंगरावरचं गाव, पहाटे धुक्यात समोरचं घर दिसत नाही. पण थंडीपेक्षा वाईट म्हणजे रिकामं गाव. भात निघालं, दिवाळी झाली की कातकरी, वारली, ठाकर, आमच्यातलेही पोटापाठी बाहेर पडतात. वाडा, भिवंडी, वसईकडच्या भट्ट्यांवर. मागे उरतात म्हातारे, आजारी आणि त्यांना बघणारे. आईला उचलून बसवायला दुसरा हात लागतो. हाक मारावी तर शेजारच्या दाराला कुलूप.

रात्रीचं काम असं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम धरते. वाकळा तीन. एक अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर, आणि धुक्यात दोरीवरची वाळत नाही. गारठ्याने गेलेला हात लाकडासारखा ताठतो, त्याला खुरासणीचं तेल कोमट करून चोळायचं. शेगडी आत ठेवून दार लावता येत नाही, कोळशाचा वायू झोपेत माणूस मारतो. दार उघडं ठेवलं तर ऊब निघून जाते. नागलीची पेज जरा घट्टच ठेवायची, पातळ दिली की ठसका लागतो. मान पुढे, चमचा लहान, घाई नाही.

आणि लुगडं बदलायचं. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले. आईने उजव्या हाताने तोंड झाकलं. यावर मी कधी कविता लिहिली नव्हती.

नोव्हेंबरच्या अखेरीला मी शहाणपणा केला. बाटलीत गरम पाणी भरलं, फडक्यात गुंडाळलं, तिच्या डाव्या पायाशी ठेवलं. ऊब लागेल म्हणून. त्या पायाला ऊबही कळत नाही नि चटकाही. सकाळी घोट्यावर रुपयाएवढा फोड. तिने रात्रभर हूं की चूं केलं नव्हतं. मी बहिणीला फोन लावला आणि रडलो. ती म्हणाली, "दादा, पहिल्या वर्षी माझ्या हातूनबी झालं होतं. तू कामावर होतास, कशाला सांगायचं." मग म्हणाली, "फोड फोडू नको. दवाखान्यात दाखव."

ती विशीची होती तेव्हा.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झटले. 1946 च्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. मागावर ते पाळत नाहीत म्हणून आपण ओरडतो, बरोबरच आहे. पण चुलीपाशी, खाटेपाशी पाळी सुटतच नाही, त्याची घोषणा कुठल्या मोर्चात दिली? 2024 च्या सरकारी वेळवापर पाहणीत दिसतं की घरातल्या माणसांची, म्हणजे पोरं, म्हातारे, आजारी, काळजी घेणाऱ्या 15 ते 59 वयाच्या बाया दिवसाला 140 मिनिटं देतात, पुरुष 74. तेही करणारे पुरुष थोडेच. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात पगाराशिवाय काळजी घेणारा घरचा माणूस नावानिशी आला आहे. कलम 24 मध्ये काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेखही आहे. पण त्याच कलमात सरकारच्या ऐपतीच्या मर्यादेत असंही लिहिलंय. आमच्या घरापर्यंत ती ऐपत आलेली नाही.

आणि आपलं कॅलेंडर बघा. 6 डिसेंबर, 25 डिसेंबर, 1 जानेवारी, 3 जानेवारी, 14 जानेवारी. चळवळीचे हे सगळे दिवस ऐन थंडीत, आजाऱ्याला माणूस सर्वात जास्त लागतो तेव्हाच. गेल्या 25 डिसेंबरला मी स्त्रीमुक्तीवर बोललो. 1927 साली महाडला मनुस्मृती जाळली, ते सांगताना माझा आवाज चढला होता. त्या वेळी बहीण इथे ओली वाकळ पिळत असणार. 3 जानेवारीला आपण सावित्रीमाईंची शाळा सांगतो. 1897 साली त्या गेल्या त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, ते भाषणाच्या शेवटी एका ओळीत उरकतो.

मला वाईट वाटतंय म्हणून हे लिहीत नाही. एक काम सांगायचंय. आपल्या गटात कुणाच्या घरी खाटेवर माणूस आहे त्याची यादी करा. पत्रकं वाटायच्या पाळ्या लावतो तशा पोरांच्या पाळ्या लावा. दोन तास. तेवढ्यात घरची बाई झोपेल, नाहीतर सभेला येईल, तिची मर्जी. पहिल्या दिवशी लाज वाटेल. तिसऱ्या दिवशी फक्त पाठ दुखते.

6 तारखेला दुपारी बहिणीचा फोन आला. शिवाजी पार्कातून. सासरच्यांबरोबर आली होती, पहिल्यांदा. गर्दीत तिचं बोलणं नीट ऐकू येईना. म्हणाली, "आयेच्या कानाला लाव." मी लावला. कुठेतरी भीमगीत चालू होतं. आई उजव्या हाताने फोन धरून पडली होती, किती वेळ ते बघितलं नाही. मग गजर वाजला. कूस बदलायची वेळ झाली होती.