इटलीचा पत्रा, इंग्लंडचा हिवाळा

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी इंग्लंडात आलो, तेव्हा अल्फा रोमिओची स्पायडर कुणाच्याही दारात भर पावसात उभी दिसायची. हूड ओलं, आतला गालिचा ओला, मालकाला त्याचं काहीच नसे. १९६६ साली पिनिनफारिनाने घडवलेली ती देखणी दोन आसनी गाडी लोक रोज कामावर न्यायचे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांनी उडायचं आणि पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसायचं.

स्पायडरचं सिल, म्हणजे दाराखालची पोकळ पट्टी, तीन पदरी. वर छप्पर नाही, त्यामुळे गाडीचा ताठपणा बराचसा त्या सिलवरच. पाणी निघून जायला ठेवलेली भोकं चिखलाने बुजायची, पाणी आत साठायचं आणि गंज आतून पत्रा खात यायचा. बाहेर रंगाला हरभऱ्याएवढा फोड आलेला दिसे. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं की पापुद्रे गळायचे आणि बोट आरपार जायचं. मग गॅरेजात लांबी भरून वर रंग. कुर्ल्याला बनलेल्या आमच्या फियाटच्या दारांवरही मुंबईत हेच चालायचं.

नेपल्सजवळ पोमिल्यानो द'आर्कोत १९७२पासून बनू लागलेली अल्फासूद वळणावर काय सुंदर धावायची! पण तिच्या पोकळ्यांत भरलेला फोम पाणी धरून ठेवायचा. लान्चा बीटाची गोष्ट तर फार वाईट. इंजिन धरणाऱ्या सबफ्रेमच्या गंजावरून १९८०मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. फुल्व्हिया कूपेसारखी गाडी बनवणाऱ्यांच्या वाट्याला हे यायला नको होतं. १९९४मध्ये लान्चाने ब्रिटनच सोडलं.

१९८८च्या टिपोला फियाटने जस्त चढवलेला पत्रा वापरला, पुढे नव्या गाड्यांचा प्रश्न बराच मिटला. जुन्यांपैकी ज्या उरल्या, त्यांचे आता किती लाड! विकत घेणारा फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवतो. चुंबक चिकटलं नाही की खाली लांबी आहे हे कळतं. तेव्हा गाडीच्या पोटाला डांबरी लेप मारत. तो तडकला की पाणी त्याच्यामागे शिरायचं आणि गंज लपून वाढायचा. आता लांब, बारीक नळीने पोकळीत मेण फवारतात. ते सांध्यासांध्यांत झिरपतं.

पण अशी सांभाळलेली स्पायडर आज पावसाचा थेंबही बघत नाही. कोरड्या गॅरेजात, आच्छादनाखाली नुसती पडून असते. मला हे पटत नाही. उन्हाळा संपता संपता, पत्रा धुऊन पूर्ण कोरडा झाला की मेण मारावं, नंतर भोकं तारेने मोकळी करावीत, आणि मीठ पडल्या दिवशी बाहेर काढलीच तर घरी येताच खालून गोड्या पाण्याने धुवावी. एवढं केलं तर नोव्हेंबरातही तिला खुशाल चालवता येतं.