मोमोची गोष्ट, आमच्या आवाजात

पाळ्यांच्या कामामुळे लेकीला गोष्ट सांगायला आम्हा दोघांना वेळ मिळेना. म्हणून एका रविवारी मिखाएल एंडे या जर्मन लेखकाची १९७३ सालची 'मोमो' आम्ही मराठीत सांगत मोबाईलवर टेप केली; मधे मधे ढोलकी. करड्या कपड्यांतली माणसं लोकांना वेळ वाचवायला लावतात आणि तोच चोरतात. फुसी न्हावी रोज म्हाताऱ्या आईजवळ तासभर बसतो, तोही सेकंदांत मोजून वाया गेला म्हणतात! इथं आमचीच जीभ अडखळली. पुढं कासवाच्या पाठीवर अक्षरं उमटतात, तिथं मागून आई गुणगुणली, मग खोकली. पुन्हा टेप करायचं ठरलं, राहून गेलं. पुढं आई गेली. लेक आता तेवढाच भाग लावते. "थांबा, आजी खोकणार आहे," म्हणते.