बांगडीसारखं इंद्रधनुष्य

इंद्रधनुष्य म्हणजे कमान, हो ना? पण अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर मी ते चक्क बांगडीसारखं गोल पाहिलंय! त्याला म्हणतात इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली आपल्या लेखात त्याचं वर्णन छापलं होतं.

पाचनई गावाहून गड चढलात, की पश्चिमेला कोकणकडा लागतो. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला, आणि खाली थेट कोकण! समोर दरीत धुकं आणि पाठीशी सकाळचं कोवळं ऊन, असा योग मात्र जुळायला हवा. धुक्याचे थेंब प्रकाश आला तिकडेच परत धाडतात, म्हणून आपल्या सावलीभोवती रंगीत कडं उमटतं.

"मामा, कडं माझ्या डोक्याभोवती आहे!" शेजारचा भाचा ओरडला. मला तर ते माझ्याच डोक्याभोवती दिसत होतं. भांडण मिटेना! खरं तर दोघंही बरोबर होतो. ज्याला त्याला आपापलंच कडं दिसतं.

तुम्हीही जरूर जा. पण कड्याजवळ उभं राहायचं नाही, धावायचं तर मुळीच नाही. तिथला वारा कुणाची भीड ठेवत नाही. मोठ्यांना पाय धरायला सांगा, पोटावर झोपा आणि मग हळूच डोकवा. धुक्यात तुमचं कडं शोधा!