परदेशी एलएलएम : आधी प्रश्न, मग विद्यापीठ

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून कायद्याची पदवी घेणारी मुलेमुली बहुतेक एका ठरलेल्या वाटेने जातात. सनद काढायची, घोडनदीच्या किंवा दौंडच्या कोर्टात एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी करायची आणि जम बसला की पुण्याला शिवाजीनगर कोर्टात जायचे. अलीकडे मात्र माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये वेगळे काही मनात धरलेले विद्यार्थी वाढले आहेत. "मॅडम, मला शिकवायचंय. एलएलएम बाहेरून करावं म्हणते. कुठलं विद्यापीठ धरू?" हातात एक यादी असते : ऑक्सफर्ड, केंब्रिज, हार्वर्ड, लंडन, सिंगापूर, मेलबर्न. प्रत्येक नावापुढे जागतिक क्रमवारीतला आकडा.

मी कायदा शिकवते आणि अशा विद्यार्थ्यांशी बोलताना ती यादी आधी बाजूला ठेवायला सांगते. विद्यापीठाचे नाव, क्रमवारी, पुढे मिळणारा पगार हे निकष मोठ्या लॉ फर्ममध्ये जाणाऱ्याच्या कामाचे आहेत. प्राध्यापक होऊ पाहणाऱ्याला तीन गोष्टी लागतात : स्वतःचा असा एक प्रश्न, त्या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केलेला मार्गदर्शक, आणि प्रबंध लिहायला मिळणारी सवड. अध्यापनाच्या क्षेत्रात माणूस ओळखला जातो तो त्याच्या लेखनावरून. म्हणून अभ्यासक्रम निवडताना विचारायचे ते एवढेच : वर्षाअखेरीस माझ्या हातात माझे स्वतःचे काय लिहिलेले असेल, आणि ते कोणी वाचलेले असेल?

या कसोटीवर नामांकित अभ्यासक्रमही एकमेकांपासून फार वेगळे दिसतात. ऑक्सफर्डची बीसीएल ही एका वर्षाची पदव्युत्तर पदवी. चार विषय, मुबलक वाचन आणि वर्षाअखेरीला लेखी परीक्षा. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 मध्ये हीच परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नव्हते. तो नियम 1920 मध्ये बदलला आणि त्यानंतरच कॉर्नेलियाबाईंना आपली पदवी रीतसर घेता आली. बीसीएलने विचाराला धार येते, करार, न्यास, कायद्याचे तत्त्वज्ञान असे विषय मुळापासून समजतात. पण परीक्षेच्या तयारीत दीर्घ लेखन मागे पडते. अध्यापनाकडे वळणारे म्हणून बीसीएलनंतर तिथलाच एका वर्षाचा एमफिल करतात. त्यात 30,000 शब्दांपर्यंतचा प्रबंध लिहायचा असतो आणि तिथून पुढे डीफिल या डॉक्टरेटची वाट सापडते. केंब्रिजच्या एलएलएमलाही चार विषय असतात. दोन्ही ठिकाणी एका विषयाऐवजी प्रबंध लिहिण्याची मुभा आहे. शिकवायचे ठरवले असेल तर ही मुभा सोडू नका.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी. हार्वर्डच्या एलएलएमला दरवर्षी जगभरातून 180 च्या आसपास विद्यार्थी घेतात. त्यांतले बरेच वकिली किंवा सरकारी सेवेत परतणारे असतात. येलचा वर्ग जेमतेम पंचवीस जणांचा, आणि तो मुख्यतः कायद्याचे अध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठीच बांधलेला. येलमध्ये जेएसडी या डॉक्टरेटला प्रवेश मिळतो तो त्यांच्याच एलएलएम झालेल्यांना. तेव्हा एलएलएमचा अर्ज भरण्याआधीच पुढच्या डॉक्टरेटची चौकशी करायला हवी. नेदरलँड्स आणि उत्तर युरोपातल्या देशांत पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते. तिथे जागा निघतात, मुलाखती होतात, आणि विषय ठरलेला असू शकतो. घरची परिस्थिती बेताची असणाऱ्या विद्यार्थ्याने ही वाट मुद्दाम तपासून पाहावी.

परदेशी शिक्षण आणि घरचा प्रश्न यांची सांगड कशी घालावी, याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. मे 1916 मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी वाचलेला निबंध भारतातील जातींवर होता. त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डीएस्सी मिळाली. पुढे 1928 मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि 1935 मध्ये प्राचार्य झाले.

विद्यापीठे दोन, देश दोन, विद्याशाखा अनेक. पण जात, प्रांतांची वित्तव्यवस्था, रुपया हे सगळे विषय भारताचे. अमेरिका आणि लंडनच्या पहिल्या फेरीनंतर, 1918 मध्ये, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर आणि त्यांवरच्या उपायांवर निबंध प्रसिद्ध केला. केवळ तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेतीवर अडकून पडलेल्या माणसांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, असे त्यात मांडले. 1927 मध्ये मुंबई कायदे मंडळात लहान धारण जमिनींचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. तुकडेबंदीचा कायदा पुढे 1947 मध्ये झालाच. आज शिरूरमध्ये किंवा दौंडमध्ये काही गुंठ्यांचे खरेदीखत घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलेला माणूस अडतो तो याच कायद्यापाशी. त्या निबंधाला शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी प्रश्न जिवंत आहे आणि अभ्यासक मागतो आहे.

आपल्या दोन तालुक्यांत असे प्रश्न पावलोपावली आहेत. खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा पुणे शहरातून हवेली, दौंड करत इंदापुरात जातो. शहराची तहान वाढली की आवर्तन लांबते आणि टेलच्या शेतकऱ्याचे पीक जळते. पाण्यावर कोणाचा किती हक्क, हे ठरवण्यासाठी महाराष्ट्राने 2005 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यातली पाणी-हक्क आणि हक्कांच्या देवघेवीची कल्पना समजून घ्यायची तर चिलीचा 1981 चा जलकायदा, दक्षिण आफ्रिकेचा 1998 चा जलकायदा, ऑस्ट्रेलियातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यातली पाणीवाटपाची पद्धत यांच्या शेजारी आपला कायदा ठेवून वाचावा लागतो. हा प्रश्न घेऊन निघालेल्या मुलीसाठी लंडनचे सोआस, जिथे फिलिप क्युले यांनी भारताच्या पाणीकायद्यावर दीर्घकाळ काम केले आहे, किंवा ऑस्ट्रेलियातले एखादे विद्यापीठ हे क्रमवारीत वर असलेल्या पण या विषयाचा शिक्षक नसलेल्या ठिकाणापेक्षा कितीतरी मोलाचे.

उसाचेही तसेच. ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराची रक्कम, द्यावी, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के दराने व्याज द्यावे, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरीही थकीत बिलांसाठी शेतकरी पुण्याच्या साखर आयुक्तालयावर का येतात? आदेश, सहकार कायदा आणि महसुली वसुली यांच्या सांध्यात नेमके काय निसटते? रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींसाठी गेलेली जमीन, तिथले कंत्राटी कामगार, कारखान्यांचे सांडपाणी यांचे प्रश्न वेगळेच. यांतला प्रत्येक प्रश्न डॉक्टरेटच्या तोलाचा आहे. ज्याच्या घरी पाळीचे पाणी रात्री दोनला येते, त्याला या प्रश्नांच्या ज्या बाजू ठाऊक असतात, त्या ग्रंथालयात मिळत नाहीत. परदेशी प्राध्यापकांना अर्जात हेच वाचायला हवे असते.

आता पैशांचे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत मिळते आणि तिला जागतिक क्रमवारीची अट असते, एवढ्यापुरता तो आकडा पाहावाच लागतो. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिची नियमावली बारकाईने वाचा. 2022 मध्ये तिच्यातून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ज्या योजनांनी वंचित घरांतली मुले बाहेर जातात, तिथेच घरच्या प्रश्नावर बंदी यावी, हे मला मनापासून चुकीचे वाटते. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. 1892 पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. कॉमनवेल्थ, फेलिक्स, इनलॅक्स याही पाहाव्यात. जमीन गहाण ठेवून एका वर्षाच्या पदवीसाठी जाऊ नका, असे मी स्पष्ट सांगते. प्राध्यापकीच्या सुरुवातीच्या पगारातून, तेही तासिका तत्त्वावर, ते कर्ज फिटत नाही.

न्हावऱ्याकडच्या एका वडिलांनी मला विचारले होते, "पोरगी परत आल्यावर ही डिग्री हितं चालंल ना?" हा प्रश्न प्रत्येक घराने विचारायलाच हवा. बार कौन्सिलने जानेवारी 2021 मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार परदेशातली एका वर्षाची एलएलएम आपल्या एलएलएमशी आपोआप समकक्ष ठरत नाही. त्यासाठी भारतीय विद्यापीठात किमान एक वर्ष अभ्यागत म्हणून शिकवण्याची अट घातली आहे. या नियमांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. म्हणून अर्ज भरताना त्या वेळची स्थिती लेखी तपासून घ्या. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट लागते. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी मान्य क्रमवाऱ्यांतल्या पहिल्या 500 परदेशी विद्यापीठांच्या पीएचडीला त्यातून सूट दिली आहे, पण अशी सूट एलएलएमला नाही. माझा सल्ला असा, की जाण्यापूर्वी इथली एलएलएम आणि सेट पदरात पाडून घ्या. दोन वर्षे जास्त जातात, पण परतल्यावर दार बंद होत नाही.

परदेशी गेल्यावाचून मोठे काम होत नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. भारतरत्न पां. वा. काणे मुंबई विद्यापीठाचे एलएलएम. त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड इथेच राहून, वकिली करत लिहिले. 1979 मध्ये मथुरा या गडचिरोली भागातल्या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात आरोपी पोलिसांना सोडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर चार कायदा अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी बर्कलेत डॉक्टरेट केलेले, लतिका सरकार केंब्रिजच्या, त्यांच्यासोबत रघुनाथ केळकर आणि पुण्यात शिकवणाऱ्या वसुधा धगमवार. त्या पत्राने देशभर आंदोलन उभे राहिले आणि 1983 मध्ये फौजदारी कायदा बदलला. गडचिरोलीतल्या एका मुलीला 'संमती' होती असे कायदा कशावरून धरतो, हा प्रश्न त्यांना एकत्र आणणारा होता. चौघांपैकी कोण कुठे शिकले, याला त्यानंतरचे महत्त्व.

अनेक विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, म्हणजे दिवाळीची सुट्टी हीच तयारीची वेळ. या सुट्टीत यादी करू नका. आपल्या गावातला एक प्रश्न मराठीत दोन पानांवर लिहून काढा. त्यावरचा कायदा, उच्च न्यायालयाचे दोन-चार निवाडे आणि जगात त्यावर लिहिणाऱ्यांचे लेख वाचा. ज्यांचे लेख पुन्हा वाचावेसे वाटतील, ते कुठे शिकवतात ते पाहा आणि त्यांना नेमक्या शब्दांत पत्र लिहा. शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना ती दोन पाने वाचायला द्या. तुमचे विद्यापीठ या कामातूनच ठरेल. आणि ते ऑक्सफर्ड ठरो, सोआस ठरो की पुणे, आवर्तनाचा, उसाच्या बिलाचा आणि गुंठ्याचा कायदा शिकवणारी, त्यावर लिहिणारी पिढी शिरूर-दौंडमधून उभी राहिली पाहिजे, ही माझी आस आहे.