झाकली मूठ

पत्ते खेळणारे दोन प्रकारचे. एक, आपली पानं बघून खेळणारे. दुसरे, समोरच्याचं तोंड बघून खेळणारे. आम्ही जन्मभर पहिल्या पंगतीतले. मेंढीकोट, बदामसात, फार तर रमी. रमीत कौशल्य लागतं हे १९६७ साली सुप्रीम कोर्टानेही मान्य केलं आहे. आमच्या घरात अजून कुणी केलेलं नाही.

चाकणला नोकरीला असलेल्या पुतण्याने एका गुरुवारी (आमच्या पिंपरी-चिंचवडात कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो) निगडीच्या घरी पोकरची शाळा काढली. १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा स्मरून पैशांऐवजी शेंगदाणे घेतले. आमचं निम्मं भांडवल पिसणं संपायच्या आत पोटात गेलं.

"काका, हातात दोन पानं. मधे पाच उघडी. आधी तीन, मग एक, मग एक. सातांतून उत्तम पाच निवडायची. आणि इथे कलर सीक्वेन्सपेक्षा मोठा."

"तीन पत्तीत सीक्वेन्स मोठा!" शेजारचे नाना कडाडले.

पुतण्याने हिशेबच मांडला. तीन पानांत साधे सीक्वेन्स ७२०, कलर १,०९६. पाच पानांत सीक्वेन्स १०,२००, कलर ५,१०८. दुर्मीळ तो मोठा.

"कंपनीत उलट असतं," नाना म्हणाले. "सारखा दिसतो तो मोठा."

मग शिष्टाचार. पाळी नसताना बोलायचं नाही. टाकलेली पानं दाखवायची नाहीत. दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही. एवढं पाळायचं तर मराठी माणसाने खेळायला बसायचंच कशाला?

नाना मात्र मुरलेले निघाले. त्यांनी सगळे शेंगदाणे पुढे सारले. चेहरा मस्टरवर सही करतानाचा. आम्ही भराभर पानं टाकली. नंतर कळलं, हातात दुरी आणि सत्ती!

"असा चेहरा आणलात कुठून?" मी विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. "कंपनी बंद पडली तेव्हा तीन महिने रोज डबा घेऊन पहिल्या पाळीला निघायचे. मला पत्ता लागू दिला नाही म्हणे!"

"म्हणे?" नाना चमकले.

"चौथ्याच दिवशी कळलं. धुवायच्या शर्टाला ऑइलचा डाग नव्हता. पण पाळी नसताना बोलायचं नाही, असाच नियम आहे ना?"

नाना काही बोलले नाहीत. जिंकलेले सगळे शेंगदाणे त्यांनी वहिनींपुढे सारले.