मामाचे गाव आणि आपले गाव

हिवाळा लागला की जाहिराती सुरू होतात. बैलगाडीची सफर, चुलीवरची भाकरी, पिठले-ठेचा, शेतातला हुरडा, रात्री बाजेवर झोप. माणशी अमुक रुपये. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले आणि या धंद्याला सरकारी मान्यताही मिळाली. आमच्या मुलीने अशीच एक जाहिरात दाखवून विचारले, "पप्पा, आपलं गाव असताना पैसे भरून दुसऱ्याच्या गावाला कशाला जायचं?" प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र तितके सरळ नव्हते. म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही सहकुटुंब मुंबईहून रात्रीच्या देवगिरीने निघालो.

गावाची ही ओढ काही आपल्याच देशात नाही. जपानमध्ये जन्मगावाला 'फुरुसातो' म्हणतात. खेड्यांतली माणसे तोक्यो-ओसाकाच्या कारखान्यांकडे गेली, तेव्हा १९७० साली तिथल्या सरकारी रेल्वेने 'डिस्कव्हर जपान' ही मोहीम काढली. शहरवाल्यांनी गाडीत बसावे आणि आपले हरवलेले गाव शोधावे, असा तिचा सूर होता. ज्यांचे नातेगोते त्या खेड्यात नाही, अशांनाही तिथे माहेरी आल्यासारखे वाटू लागले.

पण त्याच जपानमध्ये बुराकू समाज आहे. मेलेल्या जनावरांचे आणि कातड्याचे काम त्याच्या माथी मारले होते आणि वस्त्याही वेगळ्या होत्या. १८७१ साली सरकारी हुकमाने हा भेद रद्द झाला. १९२२ साली या समाजाने 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली. तरीही १९७५ साली असे उघडकीस आले, की त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या गुप्त याद्या कंपन्या विकत घेत होत्या. नोकरी मागायला आलेल्या तरुणाचे गाव त्या यादीत आहे का, हे पाहण्यासाठी! म्हणजे एकाच देशात एकाला गावाचे नाव काढताच गहिवर येतो आणि दुसऱ्याला ते नाव लपवावे लागते. आपल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

सकाळी परभणीला उतरलो. स्टेशनजवळच बाबासाहेबांचा पुतळा आहे. याच पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. मुलांनी पुतळ्याला वंदन केले. मग आम्ही गंगाखेडकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलो. दोन्ही बाजूंना काळी रानं, निसवलेली ज्वारी, मधेच हरभरा. गोदावरीचा पूल ओलांडला की जनाबाईचे गंगाखेड. आमचे गाव पुलाच्या अलीकडेच लागते.

हे गाव आमच्या आई-वडिलांनी १९७८ साली सोडले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलैला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. आमच्या वस्तीत आग लागली नाही; पण रानातले काम बंद झाले, गिरणीत दळण घेईनात. आम्ही जन्मलो मुंबईत. गाव पाहिले ते उन्हाळ्याच्या सुट्टीत: लिंबाची सावली, चुलतीच्या हातची भाकरी आणि चौदा एप्रिलची मिरवणूक. आम्हाला ओढ लागते ती याची. पाटलाच्या वाड्याची आणि पाणवठ्याची आठवण आमच्या आईला कधी गोड वाटली नाही.

वस्तीच्या तोंडाशी 'भीमनगर' अशी पाटी आहे. जातीवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आमच्या लोकांनी ते काम कधीच उरकले होते. कागद मागून आला.

चुलतीने मुलांच्या तोंडावरून हात फिरवले. मुलीने तिला ती जाहिरात वाचून दाखवली तशी म्हातारी खळखळून हसली. "पैशे देऊन बैलगाडीत बसतेत? आमाला तर गाडीच्या मागं चालत जावं लागायचं, माय! हुरडा आमी भाजायचा अन्‌ खायचा त्येनी. आपल्या वाट्याला खळ्यावरलं मातेरं."

संध्याकाळी काका आम्हाला गायरानातल्या आपल्या दोन एकरांत घेऊन गेले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी १९६४ साली देशभर सत्याग्रह केला, त्याची आठवण सांगत काकांच्या पिढीने इथले दगड वेचले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरी सातबाऱ्यावर नाव चढायला काकांचे निम्मे आयुष्य गेले. बांधाच्या कडेला गोवऱ्यांची आगटी पेटली. कणसे भाजून काकांनी हातावर चोळली आणि पहिली मूठ चुलतीच्या पदरात घातली. तिने जवसाच्या चटणीसोबत तो हुरडा सावकाश खाल्ला. कुणी काही बोलले नाही. आमच्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिथेच मिळाले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले होते. खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि संकुचित वृत्तीचे घर, हे त्यांनी स्वतः भोगून सांगितले. ते आपण विसरता कामा नये. पण ज्या जमिनीसाठी आणि ज्या वस्तीच्या नावासाठी आपली माणसे तिथेच राहून झगडली, त्यांच्याकडे पाठ फिरवणे हाही बाबासाहेबांचा मार्ग नव्हे.

म्हणून आमची वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे. वर्षातून एकदा तरी मुलांना आपल्या गावी न्या. विहारात बसून सामुदायिक वंदना घ्या. जाताना चार पुस्तके न्या. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून सारे ऐकून घ्या, सातबारा पाहा, आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढून ठेवा. जातीच्या दाखल्याच्या वेळी धावपळ होणार नाही. मुलांना हुरडा जरूर खाऊ घाला, पण तो कुणाच्या रानातला आहे आणि ते रान कसे मिळाले, हेही सांगा.

जयभीम.